महिन्याच्या आत

"तुमचा हा डोळा कशानं गेला?" रेगे डॉक्टरांनी विचारलं.

"विटी लागली. लहान होतो तेव्हा."

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं होतं की ते देताना समोरच्याकडे बघावंही लागत नसे. शाळेत दिलं, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो तेव्हा मुलाखतीत दिलं, त्रिशलाला बघायला गेलो तेव्हा तिच्या मामांना दिलं. डावा डोळा काचेचा, चुलतभावाची विटी लागली. लोक "अरेरे" म्हणत आणि विषय संपत असे.

रेगे बाईंनी "अरेरे" म्हटलं नाही. भूल देऊन चंदनाचे डोळे तपासून त्यांनी तिला नुकतंच त्रिशलाच्या मांडीवर दिलं होतं. नऊ महिन्यांची आमची पोर गुंगीत मान टाकून पडली होती. महिन्याभरापूर्वी त्रिशला तिला खिडकीपाशी पाजत होती, तेव्हा पोरीच्या उजव्या डोळ्यात काहीतरी पांढरं चमकल्यासारखं तिला दिसलं. मांजराच्या डोळ्यात चमकतं तसं. मी म्हटलं, ऊन पडलं असेल. अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारीच बसली होती; ती उठून आत गेली. पुढच्या आठवड्यात परत चमकलं. सांगलीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला पुण्याला पाठवलं. हे दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीतलं.

"किती वर्षांचे होतात तेव्हा?"

"दोनेक असेन."

"इकडे या जरा."

मी उजेडात बसलो. त्यांनी माझी पापणी उचलली, भुवईवरून अंगठा फिरवला, गालाचं हाड दाबून पाहिलं. "कुठंच व्रण नाही. विटीनं डोळा फुटला तर खूण राहते बहुतेक. ऑपरेशन कुठं झालं होतं?"

"मिरजेला."

"कागद आहेत?"

"माहीत नाही. वडील नाहीत आता. आईला विचारावं लागेल."

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. मुलीच्या उजव्या डोळ्यात पडद्यावर मोठी गाठ आहे. डाव्यात दोन बारीक आहेत. हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा. लहान मुलांनाच होतो, तोही हजारोंत एखाद्याला. दोन्ही डोळ्यांत निघाला, की तो बहुतेक बीजातच असतो. कधी आईकडून आलेला, कधी बापाकडून, कधी त्या मुलापासूनच सुरू झालेला. उजवा डोळा काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. डावा वाचवता येईल. लेसर, औषधं, आणि दर महिन्याला तपासणी. ती चुकवायची नाही.

त्रिशलानं एकच प्रश्न विचारला. "आधी आणलं असतं तर?"

"जन्मल्यावर लगेच आणलं असतं तर कदाचित दोन्ही डोळे राहिले असते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. सोमवार होता. त्रिशलाला तिच्या भावाकडे ठेवून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावाकडे निघालो, कागद शोधायला.

गाडीत मला काही वाटत होतं का, असं त्रिशलानं नंतर विचारलं. काही वाटत नव्हतं. हंगाम चालू होता. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते आणि मी सवयीनं मनात वजन धरत होतो. अकरा टन. चौदा टन. हा भिजलाय, तेरा.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. आमचं घर आणि चुलत्यांचं घर यांच्यामध्ये एक भिंत. चुलत्यांना आम्ही आण्णा म्हणतो. विटी मारली ती त्यांच्या मुलानं, नेमगोंडानं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. आण्णांनी त्याला बैलाच्या कासऱ्यानं असं मारलं, की पोरगं दोन दिवस उठलं नाही. गावातली म्हातारी माणसं हे अजून सांगतात. पुढं मी शाळेत जायला लागलो तेव्हा चिखलाच्या दिवसांत नेमूदादा मला पाठीवर घेऊन जायचा. चौथीत त्यानं स्वतःची शाळा सोडली. काचेचा डोळा बदलायला दर काही वर्षांनी मिरजेला जावं लागे, तेव्हा बरोबर तोच. जत्रेत, बाजारात तो कायम माझ्या डाव्या अंगानं चालायचा, मला त्या बाजूचं दिसत नाही म्हणून. त्याच्या पोरांनी कधी हातात विटीदांडू धरलेला मी पाहिला नाही. मी त्याला जन्मात कधी बोल लावला नव्हता, आणि याचं मला स्वतःचंच कौतुक वाटत असे.

अव्वा मागच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर बसलो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती फोडत राहिली.

"मिरजेचा कागद हाय का?" मी विचारलं.

ती लगेच उठली. तिला शोधावं लागलं नाही. बाबांच्या ट्रंकेत, रेशनकार्डाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. सगळं इंग्रजीत होतं, आणि खाली कुणीतरी शाईनं मराठीत दोन ओळी लिहून त्यांखाली रेघ मारली होती. 'या मुलास पुढे अपत्ये झाल्यास प्रत्येकास जन्मानंतर एक महिन्याच्या आत डोळ्यांच्या तपासणीसाठी आणावे.'

मी ते दोनदा वाचलं.

"आणि विटी?"

"विटी लागली व्हती. कपाळाला." तिनं स्वतःच्या भुवईच्या वर बोट ठेवलं. "टेंगूळ आलं. रडं थांबंना, म्हणून मिरजेला नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, टेंगळाचं काय न्हाई, डोळ्यात गाठ हाय. डोळा काढला न्हाई तर पोरगं हाताला लागायचं न्हाई."

"मग गावाला विटीचं का सांगितलंत?"

"आमी काय बी सांगितलं न्हाई. पोरगं विटी लागून गेलं आणि एक डोळा घेऊन आलं. गावानंच काय म्हणायचं ते म्हटलं. आमी गप बसलो."

"का?"

"कमल, पुष्पी उजवायच्या व्हत्या. भावाला असला आजार म्हटल्यावर कोण दारात उभं केलं असतं त्यास्नी?"

"पुष्पाचं लग्न होऊन बारा वर्षं झाली, अव्वा."

तिनं पाटीतली एक शेंग उचलली, फोडली, दाणे सुपात टाकले. "त्यावर मग सांगायचं कसं, ते सुचंना. तुझं लगीन ठरलं. तुझे बाबा गेले. मग ह्ये लेकरू झालं. रोज म्हणायची, आज सांगू. पण तिचे डोळे चांगले दिसायचे रं. काळेभोर."

"त्या दिवशी खिडकीत चमकलं ते तू बी बघितलंस."

"व्हय," ती म्हणाली. "तुझा बी असाच चमकायचा."

मी ओरडलो नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. मला भूक लागली होती. मी भाकरी मागितली, तिनं वाढली, मी खाल्ली. ती समोर पदराला हात पुसत उभी होती. मी पाणी प्यालो आणि उठून भिंतीपलीकडे गेलो.

नेमूदादा गोठ्यात कडबाकुट्टी फिरवत होता. मला बघून त्यानं चाक थांबवलं. "पोरगी कशी हाय?"

मी सांगितलं. पोरीचं सांगितलं आणि मग डोळ्याचं. डोळा विटीनं गेला नाही. आधीच गाठ होती. विटी नुसती कपाळाला लागली होती. मला वाटलं होतं, हे सांगताना माझा आवाज बदलेल. बदलला नाही. वजनाची पावती वाचून दाखवावी तसं मी सांगून टाकलं.

त्यानं कागद मागितला. चौथी शिकलेला माणूस. मराठी ओळींवर बोट ठेवून त्यानं त्या एकेक अक्षर लावत वाचल्या.

"कपाळाला?"

"कपाळाला. टेंगूळ आलं होतं म्हणते अव्वा."

"रगात आलं व्हतं, भूपाल. डोळ्यातनं. माझ्या हाताला लागलं व्हतं."

"नव्हतं आलं."

"मी बघितलंय." त्यानं आपला उजवा तळवा उलटा करून बघितला. एकतीस वर्षं त्यानं ते रक्त बघितलं होतं. म्हशीनं शेपटी हलवली. त्यानं कागद परत दिला, कडब्याची पेंढी बाजूला सारली आणि माझं मनगट धरलं. "चल."

आण्णा पुढच्या सोप्यात बाजेवर बसून होते. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. समोर गल्ली, गल्लीत नळ, नळावर चार बायका.

"ह्यास्नी सांग," नेमूदादा म्हणाला.

"दादा, आत जाऊन..."

"हितंच सांग. मोठ्यानं सांग."

मी बाजेवर वाकलो आणि ओरडलो, "आण्णा! माझा डोळा विटीनं गेला न्हाई! डोळ्यात आधीच गाठ व्हती! नेमूदादाची काय बी चूक न्हाई!"

नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. भिंतीपलीकडे सुपाचा आवाज येत होता तो थांबला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग नेमूदादाकडे. त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा श्वास घेतला.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

बहिऱ्या माणसांना आपला आवाज केवढा लागतोय ते कळत नाही. ते गल्लीभर ऐकू गेलं.

"मी व्हतो की मिरजेला. गाडी मीच जुपली व्हती."

नेमूदादा हलला नाही. त्यानं काहीतरी विचारलं, पण इतकं हळू, की आण्णांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. मलाच ते ओरडून विचारावं लागलं. "मग ह्याला मारलं कशाला?"

"मारलं नसतं, तर गावानं इचारलं नसतं का?" आण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, लाज नव्हती. बांध का घातला ते सांगावं तसं ते सांगत होते. "पुतण्याचा डोळा गेला आणि पोराला हात बी लावला न्हाईस, असं म्हटलं असतं. घरात पाच पोरी व्हत्या. तीन माझ्या, दोन भावाच्या. पोरगं काय, पोरगं चार दिवसांत इसरंल म्हटलं."

मग त्यांनी नेमूदादाकडे बघून विचारलं, "इसरलास का न्हाईस?"

आण्णांच्या पायांवरनं घोंगडं घसरलं होतं, ते नेमूदादानं वर ओढलं, पायांभोवती नीट खोचलं आणि तो गोठ्याकडे गेला. थोड्या वेळानं कडबाकुट्टीचं चाक फिरायला लागल्याचा आवाज आला. मी तिथंच उभा होतो. बायकांनी घागरी उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी. स्टँडवर आलो तर नेमूदादा आधीच बाकावर बसलेला. धुतलेली टोपी, हातात कापडी पिशवी. तो येणार आहे हे त्यानं सांगितलं नव्हतं. गाडीत तो माझ्या डाव्या बाजूला बसला. कराडला चहा घेताना त्यानं विचारलं, "पोरीला दुखंल का?"

"भूल देणारेत."

"हं," तो म्हणाला.

पुण्याला पोचलो. मी कागद रेगे बाईंच्या हातात दिला. त्रिशला शेजारीच उभी होती. बाईंनी वाचून तो टेबलावर ठेवला, आणि त्रिशलानं वाकून त्या रेघ मारलेल्या ओळी वाचल्या. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चंदनाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला सांगायचं होतं की मलाही कालच कळलं. पण ते तिला माहीतच होतं.

"म्हणजे तुमच्याकडूनच आलंय," बाई मला म्हणाल्या. "यात तुमचा दोष नाही. पण इथून पुढं तुमच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आणि तुम्हाला ते तुमच्या आईवडिलांकडून आलं की तुमच्यापासूनच सुरू झालं, ते या कागदावरून कळत नाही. तुमच्या बहिणींच्या लहान मुलांना एकदा तपासून घ्या."

आम्ही निघणार तेवढ्यात दाराशी उभा असलेला नेमूदादा पुढं आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"डॉक्टरीणबाई, विटी कपाळाला लागली तर डोळा जातो का?"

बाईंना काही कळलं नाही. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"नाही जात."

"लई जोरात लागली तर?"

"हे बघा, गाठ आधीपासून होती. उलट विटी लागली म्हणून यांना दवाखान्यात आणलं. नसती लागली तर चार-सहा महिने तसेच गेले असते. मग हे आज इथं उभे नसते."

नेमूदादानं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तो बसेल, रडेल, काहीतरी होईल. तो म्हणाला, "लिहून द्याल का?"

बाईंनी एका कोऱ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. त्यानं ती वाचली नाही. घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. ती चिठ्ठी त्यानं पुढं कुणाला दाखवली का, ते मी कधी विचारलं नाही.

गुरुवारी चंदनाचा उजवा डोळा काढला. दीड तास लागला. बाहेर बाकावर त्रिशला, तिचा भाऊ, मी आणि नेमूदादा. त्रिशलाच्या भावानं वर्तमानपत्र आणलं होतं, ते मी जाहिरातींसकट सगळं वाचून काढलं. त्यात काय होतं ते विचाराल तर एक अक्षर सांगता यायचं नाही. पोरीला बाहेर आणलं तेव्हा अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती आणि ती झोपेत ओठ हलवत होती.

पुढचं सगळं कामासारखं झालं. महिन्याला एक फेरी. सलाईनमधून औषधं, गळलेले केस, लेसर, परत तपासणी. डाव्या डोळ्यातल्या दोन्ही गाठी दहा महिन्यांत सुकल्या. त्या डोळ्यानं चंदना आज वाचते, स्कूटर चालवते, जयसिंगपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. तिला सगळं माहीत आहे. कागदाची प्रत तिच्याकडे आहे.

बहिणींना मी फोन केले. कमलची मुलं मोठी होती, तिनं लगेच नेऊन दाखवली. पुष्पाचा मुलगा दोन वर्षांचा. तिच्या सासरच्यांनी "आमच्याकडं असलं काही नाही" म्हणून फोन ठेवला. नेमूदादा चिकोडीला त्यांच्या दारात जाऊन बसला. पाणी घेतलं नाही, जेवला नाही. संध्याकाळी पुष्पाचा नवरा पोराला घेऊन त्याच्याबरोबर निघाला. पोराचे डोळे स्वच्छ निघाले. नेमूदादानं आम्हाला एवढंच सांगितलं, "दाखवून आलो."

आण्णा त्याच वर्षी दिवाळीआधी गेले. त्यांचं सगळं नेमूदादानं रीतसर केलं. अव्वाकडे तो रोज सकाळी चहाला यायचा, ते मात्र बंद झालं. भांडण नाही, शब्द नाही. भिंतीपलीकडून अव्वा हाक मारायची, "नेमू, च्या ठेवलाय रं." तो "झालाय माझा" म्हणायचा.

त्रिशला अव्वाशी बोलायची थांबली. ताट वाढायची, दुखणं आलं की गोळ्या काढून द्यायची, कधी आवाज चढवला नाही. पण थेट बोलणं नाही. "त्यांना विचारा, भात हवा का," असं माझ्याकरवी. तीन वर्षं.

दुसऱ्या मुलाचं त्रिशलानंच ठरवलं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "निम्मी शक्यता म्हणजे निम्मी नाही पण. आणि आता आपल्याला माहीत आहे." मुलगा झाला. आठव्या दिवशी आम्ही त्याला दुपट्यात गुंडाळून भाड्याच्या जीपनं पुण्याला नेलं. नेमूदादा पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं आम्ही दोघं आणि चंदना.

रेगे बाईंनी तपासायला बराच वेळ घेतला. मग त्या मागं सरल्या. "उजवा स्वच्छ आहे. डाव्यात दोन ठिपके आहेत, मोहरीएवढेही नाहीत. परवा लेसर करू. दोन्ही डोळे राहतील. आठव्या दिवशी आणलंत म्हणून."

त्रिशला खुर्चीवर बसली. तिनं तोंडात पदर धरला आणि ती रडायला लागली. चंदनाच्या ऑपरेशनला रडली नव्हती, तेवढं सगळं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला रडू आलं नाही. मोहरीचं वजन किती, ते मी मनात धरून बघत होतो.

खाली फोनचं बूथ होतं. गावाकडे फोन नेमूदादाच्या घरात होता, आणि अव्वा सकाळपासून तिथं येऊन बसली आहे, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. तीन वर्षांनी ती त्या घरात गेली होती. मी म्हटलं, तिला दे. पलीकडून अव्वाचा श्वास ऐकू आला. कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात त्रिशलानं हात पुढं केला. मी रिसीव्हर तिला दिला.

"अव्वा," ती म्हणाली. "आहे. पण बारीक आहे. आम्ही वेळेत आलो."

बराच वेळ ती नुसती कानाला लावून उभी होती. पलीकडून काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. मग अव्वानं काहीतरी विचारलं असावं.

"हो," त्रिशला म्हणाली. "पितोय की. चांगला पितोय."